कॅप्टन जाचकांचं हवामान

"वारा कुठून?" कॅप्टन जाचकांनी विचारलं.

"पूर्वेकडून, सर," राजी म्हणाली.

"नक्की?"

'नक्की' म्हटलं की राजीचं संपायचं. तिनं फळ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायच्या बेतात होते, पण कॅप्टनचा डोळा माझ्यावर होता, म्हणून मी टेलिफोन पुसायला घेतला.

"पूर्वेकडं, सर. पूर्वेकडं चाललाय."

"मग विमान कुठल्या तोंडानं उडवशील?"

"पश्चिमेला."

वर्गातल्या सात जणांनी एकदम डोळे मिटले.

"शाब्बास," कॅप्टन म्हणाले. "वारा येतोय पूर्वेकडून आणि तू तो पाठीवर घेणार. विमान धावेल, धावेल, धावपट्टी संपेल तरी जमीन सोडणार नाही. पुढं ऊस आहे. कारखान्याला तोडणीचा खर्च वाचेल. बस खाली."

राजी बसली. कॅप्टननी खडू ठेवला आणि हात झटकत म्हणाले, "चौगुले, जिला हवा वाचता येत नाही तिला मी हवेत एकटी सोडणार नाही. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर पुढच्या बॅचला ये."

पुढची बॅच राजीसाठी नव्हती. तिच्या वडिलांनी, आण्णांनी, घरातून निघतानाच सांगून ठेवलं होतं, एक बॅच. त्यात झालीस तर पायलट, नाही तर बेदाण्याच्या शेडवर तुझी जागा आहेच. आण्णा शब्दाचे पक्के होते. हे राजी अभिमानानं सांगायची आणि सांगून झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडायची.

कुरणवाडीच्या माळावर आमचं फ्लाइंग स्कूल होतं. एक धावपट्टी, पूर्व-पश्चिम. तीन छोटी विमानं, त्यांतलं एक कायम उघडलेलं. विमानं चालवणारी मुलं वेगळी. मी ऑपरेशन्स असिस्टंट, म्हणजे विमानं चालवणाऱ्यांना चालवणारी. कोण कधी उडणार, कोणाचं काय राहिलं, कोण पोटदुखीचं सांगून झोपलाय, सगळं माझ्याकडे. बी.कॉम. झाले होते, त्यामुळे माणूस समोर आला की मनात आपोआप डावी-उजवी बाजू पडायची. माझा हिशेब सहसा चुकत नाही, असं माझं मत होतं. तेव्हा.

इंटरनेट आमच्या माळावर पोचलं नव्हतं. दर थोड्या वेळानं मी जवळच्या मोठ्या विमानतळाच्या हवामान कक्षाला फोन लावायची, पलीकडचे गृहस्थ अक्षरं आणि आकडे वाचून दाखवायचे आणि मी ते फळ्यावर उतरवायची. याला मेटार म्हणतात. एका ओळीत सगळं आकाश घडी घालून ठेवलेलं असतं: आधी ठिकाणाचं नाव, मग वेळ, मग वारा कुठून आणि किती जोरात, म्हणजे किती नॉट, मग किती लांबचं दिसतंय, ढग किती आणि केवढ्या उंचीवर, तापमान, हवेचा दाब. शेवटी कधी कधी 'नोसिग', म्हणजे इतक्यात काही बदलायचं लक्षण नाही. ही घडी रोज सकाळी एकेका विद्यार्थ्यानं वर्गात उलगडून दाखवायची, हा कॅप्टनचा नेम होता.

जाचक हे आडनाव ते नुसतं लावत नव्हते, चालवत होते. उमेदीची वर्षं त्यांनी पिकांवर औषध फवारणारी विमानं उडवण्यात घालवलेली. उभ्या कपाशीच्या डोक्याला चाक घासेल इतक्या खालून. त्या इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय तशीच राहिली होती. ते 'चहा आणा' म्हणाले तरी नवीन मुलगा उभा राहून माफी मागायचा.

आणि राजी, राजमती चौगुले, तासगावकडची. विमान तिच्या हाताला असं वळायचं की मेकॅनिकसुद्धा काम सोडून बाहेर येऊन तिचं उतरणं बघायचे. आकाशही कळायचं तिला. शेडवर द्राक्षं वाळत घातलेली असली की घरातलं पोरगंपोरगं ढगाकडे बघायला शिकतं. पण फळ्यावरची ओळ बघितली की गोठायची. तिच्या डोक्यात वारा म्हणजे शेडवरची ताडपत्री जिकडे फडफडते तो. कुठून आला हे बघायची तिच्या घरच्यांना गरजच पडत नसे. माल उडू नये म्हणून पलीकडच्या बाजूला धावायचं असे.

एकदा ती धीर करून कॅप्टनना म्हणालीही होती, "सर, मला बघून कळतंय की."

"इथलं कळतं," कॅप्टन म्हणाले. "जिथं जायचंय तिथलं आकाश इथून दिसतं का? तिथलं कोणीतरी बघून तुला लिहून पाठवलंय. ते वाचता आलं नाही, तर त्या बिचाऱ्यानं बघितलं कशाला?"

कॅप्टन बरोबर बोलले की फार त्रास व्हायचा.

मुलींचं वसतिगृह म्हणजे एक खोली, तीत राजी आणि मी. त्या संध्याकाळी ती जेवायला नको म्हणाली. मी तिला ओढतच मेसमध्ये नेलं. तिथं गोदाकाकूंचं वादळ चालू होतं. अकोल्याचा वानखडे ताट घेऊन उभा होता आणि काकू त्याच्यावर बरसत होत्या.

"भात पाहिजे, म्हणे! वरण पाहिजे, म्हणे! माझी हाडं घालू का चुलीत?"

"काय बाप्पा, काकू, मी तं नुसतं ताट पुढं केलं नं!"

"ताट पुढं करायला काय जातंय!"

आम्ही कोपऱ्यात बसलो. राजी भाकरीचा तुकडा मोडून नुसती धरून बसली होती. मी सहज म्हणाले, "राजे, काकूंचा मेटार काढ बरं."

"आं?"

"वारा किती नॉट?"

तिनं मान वर करून बघितलं. "पंधरा. झटके तीस."

"राग निघतोय कुणावर?"

"वानखडेवर."

"आलाय कुठून?"

"त्यो गॅसवाला. दुपारपासनं सिलिंडर देतो देतो म्हणतोय. काकू चुलीवर करत्यात सगळं."

"मग वारा कुठला लिहायचा? वानखडेचा?"

राजी हातातली भाकरी ताटात ठेवून म्हणाली, "गॅसवाल्याचा."

"का?"

"कारण वानखडे काय, जो समोर यील त्यो. वारा तिकडनंच सुटलाय." ती उठून उभीच राहिली. "ताई! कुठं चाललाय हे बघायचंच न्हाई. कुठनं सुटलाय, तेवढंच!"

"खाली बस आणि जेव."

ती बसली आणि जेवली. तिसरी भाकरी मागायला गेली तेव्हा काकूंनी तिच्यावरही झटका काढला. ती परत येऊन हसत म्हणाली, "गस्ट तीस. बरोबर सांगितलं होतं."

माणसं वाचायला लागल्यावर ती थांबेना. मेकॅनिकचा मेटार, पोस्टमनचा मेटार, आरशात बघून स्वतःचा. अखेर व्हायचं तेच झालं आणि आम्ही कॅप्टनपर्यंत पोचलो.

ऑपरेशन्सच्या खोलीचं, म्हणजे आमच्या वर्गाचंच, दार आत उघडायचं आणि उघडलं की फळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर जाऊन टेकायचं. दिवसभर ते उघडंच असायचं. म्हणजे तो कोपरा कोणाला दिसत नसे. बघायचा तर दार जरा ओढून मागे डोकवावं लागे. त्या कोपऱ्यात राजी रोज सकाळी एक ओळ लिहायला लागली. ठिकाणाचं नाव: जाचक. कॅप्टन फाटकापाशी स्कूटर लावून आधी हॅंगरकडे एक फेरी मारायचे, तेवढ्यात आम्ही खिडकीतून निरीक्षण करायचो. नियम आम्ही ठरवून घेतले होते. उत्तरेला शाळेच्या मालकांचं ऑफिस, पश्चिमेला कॅप्टनचं घर, दक्षिणेला हॅंगर, पूर्वेला वर्ग. वारा सुटला त्या बाजूचे अंश. दृश्यता म्हणजे समोरून येणारा माणूस ते किती लांबून ओळखतात. भुवया म्हणजे ढग. जितक्या खाली तितकी उंची कमी. कपाळावर मधोमध उभी आठी पडली की सीबी, म्हणजे गडगडाटाचा ढग, ज्याच्या जवळपास कोणी विमान नेत नाही.

दोन दिवसांत सगळी शाळा दारामागे डोकवायला लागली. रजेचा अर्ज टाकायचा तो कोपरा बघून. वानखडेला आतेबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. तो आठवडाभर अर्ज खिशात घालून फिरला आणि कोपऱ्यात 'कॅव्होक' दिसल्याबरोबर, म्हणजे आभाळ स्वच्छ, लांबपर्यंत दिसतंय, असं असल्याबरोबर, कॅप्टनसमोर जाऊन उभा राहिला. चार दिवस मागितले होते, पाच मिळाले.

"हे तं पंचांगापेक्षा भारी आहे नं, वझरकर मॅडम," तो मला म्हणाला.

पण पुढं पुढं हवामान जरा विचित्र होत गेलं. एका सोमवारी कॅप्टन शीळ वाजवत आले आणि सगळ्यांना पेपरमिंट वाटले. मंगळवारी जेवणापर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. आम्ही 'वारा शांत' लिहिलं. बुधवारी पश्चिमेचा जोरदार वारा, म्हणजे घरचं काही. गुरुवारी सकाळी तोच वारा दक्षिणेचा, दुपारी पूर्वेचा. मी एकेक नोंदत होते आणि मनाशी म्हणत होते, माणसाचं वय झालं की असं होतं.

राजी मात्र खडू हातात धरून कधी कधी घुटमळायची. "ताई, हे कसलं हवामान ओ? कुठल्या मोसमातलं?"

"तू लिही."

आणि शुक्रवारी दुपारी कुंडी झाली. ऑफिसच्या पायरीपाशी जास्वंदीची एक कुंडी होती. कॅप्टन तिच्यापाशी थांबले आणि तिच्यावर ओरडायला लागले. तिला इथं कोणी ठेवलं, ही काय कुंडी ठेवायची जागा आहे, शिस्त म्हणून काही आहे की नाही. हॅंगरमधल्या मेकॅनिकांच्या हातातले पाने खाली पडले. काकू झारा घेऊन बाहेर आल्या.

मधेच हवा बिघडली तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता लगेच एक खास अहवाल काढायचा असतो. त्याला स्पेसी म्हणतात. मी खडू उचलून राजीपुढे धरला. "काढ स्पेसी. गडगडाट. सीबी."

राजी खिडकीपाशी उभी राहून बघत होती. तिनं खडू घेतला नाही.

"न्हाई ताई."

"अगं, माळभर ऐकू जातंय!"

"आवाज येतोय. पण ढग कुठाय?"

"असा ओरडतोय माणूस आणि ढग कुठाय काय विचारतेस?"

"मी न्हाई लिहिणार," राजी म्हणाली. "वादळ न्हाई ते."

दुसऱ्या दिवशी तो शेवटचा शनिवार होता, पोरीच्या मनावर ताण असणार, असं म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी सकाळी राजीनं आंघोळ करून, केस घट्ट बांधून, कोपऱ्यातली ओळ लिहिली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली. मी हवामान कक्षाला फोन लावला, पण पलीकडची लाइन लागेना. कॅप्टन आत आले तेव्हा फळ्याच्या वरच्या भागात काहीच नव्हतं.

"मेटार?"

"लाइन लागत नाहीये, सर. मी लावतेय."

"लावा." ते फळ्यासमोर उभे राहिले. "चौगुले, उभी राहा."

राजी उभी राहिली.

कॅप्टननी मागे हात नेऊन दार धरलं, शांतपणे ओढून बंद केलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

"तोवर हा वाच."

वानखडे बाकाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि तिथंच राहिला. माझ्या हातातल्या रिसीव्हरमध्ये घंटी वाजत होती.

"सर, ते..."

"मोठ्यानं."

राजी फळ्याकडे बघत होती. मला वाटलं, संपलं. बेदाणे.

"ठिकाण, जाचक," राजी म्हणाली.

"पुढं."

"वारा तीनशे साठ अंशांवरून. उत्तरेकडून. बारा नॉट, झटके बावीस."

"नक्की?"

मी डोळे मिटले.

"नक्की, सर. फाटकातनं आलात आणि हॅंगरकडं जायच्या आधी मालकांच्या ऑफिसच्या खिडकीकडं दोनदा बघितलंत."

"पुढं."

"दृश्यता तीन हजार मीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस दिसतंय तुम्हाला," राजी म्हणाली, "पण अजून आवडत न्हाई."

बाकाखालून एक आवाज आला, वानखडेनं हसू गिळल्याचा.

"ढग ब्रोकन, आठशे फूट. ब्रोकन म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त आभाळ झाकलंय."

"कुठलं आभाळ?"

"भुवया, सर."

"तापमान?"

"एकतीस. नोसिग. इतक्यात काही बदलायचं न्हाई."

कॅप्टननी हाताची घडी घातली. "छान. आता मला सांग, काल दुपारी मी त्या कुंडीवर ओरडलो. स्पेसी का निघाला नाही?"

आता राजीच गोंधळली. मीही. कॅप्टन माझ्याकडे वळले.

"वझरकर, रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर ह्या खोलीला कुलूप कोण लावतं?"

"तुम्ही, सर."

"दार लावायला आधी ओढावं लागतं. पहिल्याच दिवशी वाचलंय मी. पहिला आठवडा जसा होतो तसा होतो. मग म्हटलं, पोरगी रोज बिनचूक वारा लिहितेय, तर हिला हवामान पुरवलं पाहिजे. तेव्हापासून रोज घरून ठरवून यावं लागतं. बायको डबा देताना विचारते, आज काय, ऊन की पाऊस? पेपरमिंट तिनंच दिले होते. आणि त्या कुंडीवर मी इतका ओरडलो की घसा बसला. काकूंकडून हळदीचं दूध घ्यावं लागलं. आणि तुमच्या कोपऱ्यात काय? काही नाही! खरं वादळ आलं तर असंच गप्प बसणार?"

मी तिथं रिसीव्हर धरून उभी होते आणि गेल्या दोन आठवड्यांतली माझी प्रत्येक नोंद एकेक करून खोडली जात होती. वय झालं की असं होतं, म्हणे.

"सर, बोलू?" राजीनं विचारलं.

"बोल."

"स्पेसी मीच काढू दिला न्हाई. ताई काढा म्हणत होत्या." "ते वादळ नव्हतं, सर. सीबी नव्हता. कपाळावर आठी नव्हती, भुवया जागच्या जागी. आणि खरं चिडलात की तुम्ही बोलायच्या आधी घड्याळ काढून खिशात घालता. घड्याळ हातातच होतं. नुसता आवाज होता. आवाजाला गडगडाट कसं लिहायचं? पुढचा माणूस उगाच वाट वाकडी करंल."

कॅप्टननी आपल्या मनगटाकडे पाहिलं. सगळ्या वर्गानं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"हे मी करतो?"

"दर वेळी, सर," बाकाखालून वानखडे म्हणाला.

तेवढ्यात लाइन लागली. पलीकडचे गृहस्थ घाईत होते. मी आकडे घेतले आणि वर लिहिले: २७०१०केटी, ६०००, ढग नाहीत, नोसिग. रोजचा पूर्वेचा वारा त्या दिवशी नेमका फिरला होता. सवयीनं उत्तर देणारा हमखास फसला असता.

कॅप्टननी फळ्याकडे बोट केलं.

"वारा पश्चिमेकडनं, दहा नॉट," राजीनं वाचलं. "दिसतंय सहा हजार मीटर. ढग न्हाईत. उडायचं पश्चिमेला तोंड करून. धावपट्टी सत्तावीस."

"नक्की?"

"परत विचारा, सर. बदलणार न्हाई."

कॅप्टननी टोपी घातली. "चल."

तासाभरात सगळी शाळा धावपट्टीच्या कडेला होती. राजीनं कॅप्टनना बरोबर घेऊन तीन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा विमान उतरून आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबलं, इंजिन चालूच. दार उघडलं, कॅप्टन बाहेर आले, आत वाकून काहीतरी ओरडले, दार लावलं, त्यावर दोनदा थाप मारली आणि मागे वळून न बघता आमच्याकडे चालत आले.

"काय सांगितलं, सर?" मी विचारलं.

"माझ्याशिवाय हलकं लागेल, म्हटलं. लवकर उचलेल."

राजीनं विमान वळवलं आणि पश्चिमेकडे तोंड केलं. समोरून वारा. विमान धावायला लागलं आणि कॅप्टन म्हणाले होते तसंच, निम्मी धावपट्टीसुद्धा न वापरता उचललं. काकूंनी हात जोडले. ती उसावरून गेली, कारखान्याच्या धुराड्याच्या अलीकडून वळली, आमच्या डोक्यावरून समांतर लांब गेली. कॅप्टन हातात रेडिओ धरून उभे होते. बटणावरचा अंगठा पांढरा पडला होता.

मग ती वळून समोर आली, खाली, आणखी खाली. आणि चाकं टेकली तेव्हा आवाज असा काही आलाच नाही. नुसती विमानाची सावली विमानाला येऊन मिळाली.

आम्ही किती ओरडलो ते सांगत नाही. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्याला बादलीभर पाण्यानं भिजवायचं, ही जगभरच्या उडणाऱ्यांची रीत. वानखडेनं आधीच सहा बादल्या भरून ओळीत मांडल्या होत्या. एक त्यानं उचलली, एक मी, एक काकूंनी. मेकॅनिकांनी उरलेल्या.

विमान येऊन थांबलं, पण इंजिन बंद होईना. कॅप्टन पंखा चुकवून बाजूनं गेले, दार उघडलं. आत बाहेर काहीतरी बोलणं झालं. मग कॅप्टननी कपाळाला हात लावला, दार लावलं आणि परत आले. विमान वळून पुन्हा धावपट्टीकडे निघालं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"उतर म्हटलं, तर म्हणते, सर, आणखी एक मारून येऊ का? म्हटलं, का? तर म्हणते, पहिल्यांदा भीतीनं काही बघितलंच नाही."

"आणि तुम्ही जा म्हणालात?"

"मग काय करू? वारा बरोबर सांगतेय."

राजी पुन्हा उडाली. या वेळी धुराड्याच्या पलीकडून गेली, चांगली ऐसपैस, बाजारात फिरल्यासारखी. रेडिओवर तिचा आवाज आला, काय म्हणत होती ते कळलं नाही. गात होती बहुतेक.

"बाप्पा, हात दुखून राहिले नं," वानखडे बादली सावरत म्हणाला. "हे पाणी आता कुठं न्यायचं?"

हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले. कॅप्टन आकाशाकडे बघत होते. न बघताच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं.

आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो.

घड्याळ त्यांनी खिशात घातलं नाही. ते माझ्या हातात दिलं, वर टोपी ठेवली आणि म्हणाले, "घाला. तिला शिकवलं कोणी?"

पहिली बादली वानखडेची. दुसरी कोणाची ते कळायच्या आत तिसरी माझ्यावर आली, काकूंकडून, आणि ती चुकून आली असं काकू अजून म्हणतात. चौथी कॅप्टननी हिसकावून घेतली. पाचवीचा पत्ता लागला नाही. वानखडे पळाला, ओल्या गवतावर घसरला, पडल्या पडल्या हसत राहिला. सकाळच्या त्या स्वच्छ उन्हात आम्ही सगळे नखशिखांत भिजून, दात वाजवत, धावपट्टीच्या कडेला उभे होतो.

राजी उतरली, विमान आणून लावलं, इंजिन बंद केलं. बाहेर आली ती कोरडी ठणठणीत. तिनं आमच्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"पाऊस पडला व्हय हितं?"

"स्थानिक," कॅप्टन जाचक केसांतलं पाणी निथळत म्हणाले. "अहवालात नव्हता." आणि पाठीमागे धरलेली सहावी बादली त्यांनी पुढे आणली.